फोटोच्या कडेला उभी आत्या

आत्या गेल्याच्या तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही घरी आलो, तेव्हा तिच्या मुलीनं मला गोठ्यापाशी गाठलं. ही माझी आतेबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, सोनपेठला दिलेली. तिला मी लहानपणापासून आक्का म्हणतो. आत्याला हे एकच लेकरू. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"मला आईचं दुसरं काय नको," ती म्हणाली. "शेळ्या मामानं ठिवाव्यात, लुगडी कुणालाबी द्यावीत. तेरवीच्या आत मला आईचा एक फोटो पायजे, माझ्या घरी भिताडावर लावायला. तू फोटोचंच काम करतूस नव्हं?"

मी फोटोचं काम करत नाही. मी पुण्यात कॅमेऱ्याच्या लेन्स डिझाइन करतो. हल्ली मोटारींच्या कॅमेऱ्यांच्या, पूर्वी खिशात मावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांच्या. हा फरक गावात समजावून सांगून मी थकलोय. त्या दिवशी मी फक्त "देतो" म्हणालो. आत्याचा एकही धड फोटो नव्हता. का नव्हता, तेही मला चांगलं माहीत होतं.

हल्ली फोटो नसलेलं माणूस सापडणं कठीण. आमच्या गल्लीत कोंबड्यांचेसुद्धा फोटो आहेत. पण कुणी मोबाईल वर केला की आत्या पदर तोंडावर ओढायची आणि पाठ फिरवायची. पोरं मागे लागली तर शेळ्या घेऊन सरळ माळाकडं चालू लागायची. आधार कार्ड होतं, पण ते ती तंबाखूच्या पिशवीत ठेवायची, त्यामुळं त्यावरचं तोंड घासून पुसून गेलेलं. नवीन काढावं म्हटलं तर कार्डाला कुणाचाच मोबाईल नंबर जोडलेला नव्हता. मतदानाच्या कार्डावर एक काळा गोळा होता, आणि त्याखाली तिचं नाव होतं म्हणून ती तीच, असं मानायचं.

ती अशी फोटोला भिणारी आधीपासून नव्हती. तिला तसं मी केलं.

बारातेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ऑफिसला एका परदेशी कंपनीच्या छोट्या कॅमेऱ्याच्या लेन्सचं काम मिळालं. विक्रीच्या लोकांना सगळंच हवं होतं. कॅमेरा शर्टाच्या खिशात जायला हवा, म्हणजे बंद केल्यावर लेन्स पूर्ण आत गेली पाहिजे. समोरचं सगळं कुटुंब एका चौकटीत मावायला हवं, म्हणजे लेन्स रुंद बघणारी पाहिजे. घरातल्या कमी उजेडात फोटो यायला हवा, म्हणजे तिचं तोंड मोठं पाहिजे. दूरचं जवळ आणता आलं पाहिजे. आणि एवढं करून ती स्वस्त पडली पाहिजे. यातली एकेक गोष्ट एकेक काच मागते, आणि काच जागा मागते. परातीतलं पीठ तेवढंच आणि खाणारी तोंडं वाढलेली, अशी गत. कुणाच्या तरी वाटची भाकरी पातळ थापावीच लागते.

लेन्स डिझाइन करणं म्हणजे ही पातळ भाकरी कुणाची थापायची हे ठरवणं. आमच्या कामाच्या प्रोग्रॅममध्ये त्याची सरळ सोय असते. चित्राचा मध्य, मध्यापासून थोडं दूर, आणि अगदी कोपरा, अशा जागा घ्यायच्या आणि प्रत्येक जागेला वजन द्यायचं. ज्या जागेला वजन जास्त, तिथं चित्र स्वच्छ आणण्यासाठी प्रोग्रॅम जिवाचं रान करतो. ज्या जागेला कमी, तिथं तो हात आखडता घेतो. मी कोपऱ्यांचं वजन कमी करत गेलो. प्रत्येक वेळी लेन्स थोडी बारीक झाली. रुंद लेन्समध्ये सरळ रेघा बाहेर फुगतात, तो फुगवटाही मी काचेनं काढायचा नाद सोडला. फोटो काढल्यावर कॅमेऱ्यातला चिमुकला कॉम्प्युटर चित्र ताणून रेघा सरळ करेल, असं ठरवलं. ताणताना कडा आणखी पसरट होतात, त्यांचा थोडा भाग कापूनही टाकावा लागतो. कोपऱ्यात उजेडही कमी पडतो, तो मग हिशोबानं वाढवायचा. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, कोपऱ्यांचं काय? मी म्हणालो, कोपऱ्यात असतं काय? आभाळ, भिंत, गवत. लोक हसले. लेन्स मंजूर झाली आणि मला बढती मिळाली. यात चोरीमारी काही नव्हती. खिशात मावणारी प्रत्येक लेन्स कशावर तरी पाणी सोडूनच तयार होते.

कॅमेरा बाजारात आला तेव्हा ऑफिसनं आम्हाला एकेक भेट दिला. त्याच उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. आमचं गाव परभणी जिल्ह्यातल्या वालूरपासून पायी तासाभराच्या अंतरावर. लग्न दारातच, मांडवात. फोटोवाला ठरवला होताच, पण मी गळ्यात माझा कॅमेरा अडकवून नवरदेवापेक्षा जास्त मिरवत होतो. येईल त्याला सांगत होतो की यातली लेन्स मी केलीय.

अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली, आणि मी घरच्या सगळ्यांना एका फोटोत घ्यायचं ठरवलं. वीसबावीस माणसं. मधे नवरा-नवरी, त्यांच्या शेजारी आईवडील, मग काका, मामा, त्यांच्या बायका, पुढं पोरंसोरं. आत्या मांडवाच्या मेढीपाशी उभी होती. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, तेव्हापासून वडिलांच्या शेळ्या तिच्याकडं. आमच्याकडं विधवा बाई लग्नात राब राब राबते, पण नवरा-नवरीच्या जवळ जात नाही. तिला कुणी सांगावं लागत नाही. ती आपली आपणच कडेला थांबते आणि सगळे मूग गिळून बसतात. शिकलेला मीही त्यातलाच. "आत्या, इकडं मधी ये," असं काही माझ्या तोंडून निघालं नाही.

तिनंच विचारलं. "मी यायलेय का रं फोटोत?"

मी मागं सरकायला पाहिजे होतं, पण पाठीमागं पंगत बसलेली. पत्रावळ्यांवर पाय पडला असता. म्हणून मी लेन्स होती तेवढी रुंद केली. मागच्या पडद्यावर चित्र ताणलं-कापलं जायच्या आधीचं दिसायचं, त्यात डाव्या कडेला आत्या दिसत होती, बोटाच्या नखाएवढी. मी म्हणालो, "यायलीस. हाय तिथंच थांब." ती मेढीला हात लावून ताठ उभी राहिली.

महिन्याभरानं मी फोटो छापून अल्बम घेऊन गेलो. सगळ्यांचे चेहरे लख्ख. आत्याचा अर्धाच आला होता. एक डोळा, एक गाल, आणि तो गालही कोपऱ्याकडं ओढल्यासारखा लांबलचक. घरातल्या पोरांनी बोट दाखवून खिदळायला सुरुवात केली. "आत्याचं तोंड बघा, म्हशीवानी." आत्याही हसली. अल्बम हातात घेऊन तिनं बराच वेळ पाहिलं, मग मला म्हणाली, "असं कसं रं झालं?"

तिथं मी तिला समजावून सांगितलं. त्याची मला आज जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही. मी म्हणालो, "कडेला असंच व्हतं आत्या. लेन्सच तशी असती. कडेला कुणी बघत न्हाई."

"असू दे," ती म्हणाली आणि शेळ्या सोडायला गेली. त्यानंतर ती एकाही फोटोत आली नाही.

तर आक्काला फोटो हवा होता, आणि माझ्याकडं काय होतं, तर हा. पण मला एक आशा होती. तो कॅमेरा दोन तऱ्हेनं फोटो साठवायचा. एक तयार फोटो, ताणून कापून सरळ केलेला. आणि दुसरा कच्चा, लेन्सनं जसा दिला तसाच, फुगवट्यासकट, काळ्या कोपऱ्यांसकट. कच्च्यात कडा कापलेल्या नसतात. मी त्याच संध्याकाळी परभणीहून गाडी धरली, पुण्याला येऊन जुनी हार्ड डिस्क काढली आणि कच्चा फोटो उघडला.

आत्या तिथं होती. सबंध. दोन्ही डोळे, नाक, हनुवटी, मेढीवरचा हात. कॅमेऱ्यानं कापून टाकलेली बाई काळोख्या कोपऱ्यात तितकी वर्षं उभी होती. उजेड वाढवला तसं कळलं, तिनं तोंडावरचा पदर बाजूला केला होता आणि ती हसत होती. दातांची पांढरी रेघ दिसत होती. मी खुर्चीत बसून ढसाढसा रडलो. बायको उठून आली, तिला वाटलं आता कुठं मी रडायला लागलो, बरं झालं.

पण तो चेहरा नव्हता, चेहऱ्याचा फराटा होता. त्या कोपऱ्यात उजेडाचा एक ठिपका ठिपका म्हणून राहत नाही, केरसुणीच्या फडासारखा एका बाजूला पसरतो. डोळ्याचा काळा आणि भुवईचा काळा एकमेकांत मिसळले होते. मी चार दिवस रजा घेतली. लेन्स माझी, त्या कोपऱ्यात ती उजेड कसा आणि किती फिसकटवते याचे आकडे माझ्याकडं होते. तेच उलटे लावून फिसकटलेलं परत गोळा करायचं, असं गणित असतं. ते काही अंशी जमतं. जे लेन्समधून आलंच नाही ते मात्र कुठल्याही गणितानं येत नाही. उलट फार ओढलं की नसलेल्या रेघा आणि नसलेले ठिपके उमटतात. हे मी दरवर्षी नव्या पोरांना शिकवतो.

चौथ्या दिवशी काहीतरी बाईसारखं दिसायला लागलं. ओळखणाऱ्याला ओळखू यावं, न ओळखणाऱ्याला भूत वाटावं, इतपत. हनुवटीवर तीन काळसर ठिपके उमटले. आत्याच्या हनुवटीवर गोंदण होतं हे मला आठवलं, आणि आपण बरोबर वाटेवर आहोत असं वाटून मला विलक्षण आनंद झाला.

तेरवीला दोन दिवस राहिले होते. मी परभणीला उतरलो आणि एका स्टुडिओवाल्याकडं गेलो. भला माणूस. त्यानं माझं चार दिवसांचं काम मशीनवर मोठं करून पाहिलं आणि मान हलवली.

"सर, राग मानू नका, पण हे भिंतीवर लावलं तर लेकरं भितील," तो म्हणाला. "आता सगळे एआयवर करायलेत. मी याच्यावरून चेहरा बनवून देतो. लय क्लिअर येतो."

मला राग यायला हवा होता. दोन दिवस आधी कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण आक्काचे रोज फोन येत होते आणि मी थकून गेलो होतो. मी म्हणालो, बनवा.

दहा मिनिटांत एक बाई तयार झाली. गोरी, गालावर तुकतुकी, दात एका रांगेत, कपाळाला ठसठशीत कुंकू. कुंकू मी काढायला लावलं. रंग उतरवला, सुरकुत्या वाढवल्या, नाक थोडं बसकं केलं. करता करता आत्या जवळ आली आणि मग थांबली, पुढं येईना. हनुवटी मात्र कोरी होती. मशीनला गोंदण म्हणजे डाग वाटले असावेत, त्यानं पुसून टाकले होते.

"गोंदण हवं," मी म्हणालो.

"टाकतो की. किती ठिपके होते?"

मोबाईल माझ्या खिशात होता. वडील घरी होते, आक्का घरी होती. एक फोन करायचा होता, पण मी केला नाही. ज्या लेन्समधून ते ठिपके आले होते तिची काच न् काच मला पाठ होती, मग मी दुसऱ्या कुणाला कशाला विचारू? "तीन," मी म्हणालो. त्यानं तीन टाकले. एका ओळीत, हिरवट, अगदी खरे वाटावेत असे.

तेरवीला फोटो पाटावर ठेवला. आक्कानं कागद काढला. मग काचेवरून हात फिरवून म्हणाली, "आई जराशी बारीक दिसायलीय. पण लय चांगला आलाय." बोट हनुवटीपाशी थांबलं. "तीनच ठिपके होते का गं हिला? एवढी जवळ निजायची मी, पण मोजले न्हाईत कधी." शेजारची बाई म्हणाली, "आईच्या तोंडावरचे ठिपके कोण मोजतं बाई?" आक्का हसली. दहा-बारा दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. शिकल्याचा उपयोग झाला म्हणाले.

वडील आत्याहून चार वर्षांनी मोठे. जेवणं उरकल्यावर ते मला घेऊन गोठ्याकडं आले आणि शेळ्यांना पाला टाकत टाकत म्हणाले, "पाच होते."

मला आधी कळलंच नाही.

"गोंदण. पाच ठिपके होते. गोंदणारीन आली होती गावात, ही सात-आठ वर्साची आसंल. सुई बघून लय रडायलती. आईनं मला तिचा हात धरायला बसवलं. तिनं रडू नाई म्हणून मी एकेक मोठ्यानं मोजायलो. एक झालं, दोन झालं. पाचाला संपलं." पाला संपला तरी ते वाकूनच उभे होते. "मला इचारलं न्हाईस."

"दादा, उद्या परभणीला जाऊन नीट करून आणतो," मी वडिलांना म्हणालो.

"राहू दे आता," ते म्हणाले. "पोरगी निवांत झालीय. तिला कायबी सांगू नको."

मी सांगितलं नाही. वडिलांनी सांगितलं म्हणून नाही सांगितलं, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आक्का फोटो सोनपेठला घेऊन गेली. मी पुण्याला आलो आणि कामाला लागलो. मोटारींच्या लेन्समध्ये कोपऱ्यांना चांगलं वजन द्यावं लागतं, कारण कडेनंच कुणीतरी रस्त्यात येतं. त्या कामात मी हुशार समजला जातो.

वर्षश्राद्ध आक्कानं हट्टानं आपल्या घरी केलं. वडिलांना चालणं होत नव्हतं, म्हणून मी त्यांना गाडीतून सोनपेठला नेलं. दारात आक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या हनुवटीला हळद लावलेली होती आणि कातडी सुजली होती. मला वाटलं काही चावलं असेल.

आत गेल्यावर तिनं ओल्या फडक्यानं हळद पुसली. खाली तीन ठिपके होते, एका ओळीत, हिरवे, ताजे.

"बाजारात गोंदायचा मशीनवाला बसतो, त्याच्याकडून घेतले," ती म्हणाली. "फोटो घेऊन गेलते संगं. म्हणलं, हे बघ, एकबी कमी नको न् एकबी जास्त नको. आईला होतं तसंच पायजे." ती भिंतीवरच्या फोटोखाली जाऊन उभी राहिली, पदर मागं सारला आणि चेहरा वर केला. "मामा, तुमीच सांगा. आईवानी दिसायलंय का?"

वडिलांनी आधी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता. मग त्यांनी आक्काच्या हनुवटीकडं पाहिलं. त्यांचे ओठ हलले, आवाज न करता, तीनदा, आणि थांबले.

"दिसायलंय बाई," ते म्हणाले. "हुबेहूब."